गोलकीपरनं हात लावला तर

२ नोव्हेंबर. छापलाय बुधवार. आहे रविवार. सकाळी ७.

ही डायरी यार्नवाल्या शेठनं मला २०२२ साली दिवाळीला दिलेली. कोरीच पडून होती. तारखा बरोबर, वार सगळे चूक. रोज छापलेला वार खोडून खरा लिहायचा, असं ठरवलंय. बावीस वर्षं लूमखात्यात ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कापड चेक करतोय. शंभर मीटरचा टाका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, टेबलावरून सरकतो आणि त्यात एक तार तुटलेली असली तरी निंबा पाटलाच्या नजरेतून सुटत नाही. लाल खडूची खूण झालीच म्हणून समजा. तिथं वार काय सुटणार?

डायरी लिहायचं कारण एकच. बदला.

घडलं ते नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे राग उतरला तर वाचून परत चढवता येईल. भाऊबीजेला सासुरवाडीला सगळे टीव्हीसमोर. फुटबॉलची मॅच. गोलकीपरनं बॉल दोन्ही हातांनी धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, अरे हँडबॉल! फाऊल द्या!

योगराज सोफ्यावरून खाली पडला. हसून. हा माझा साडू, माझ्या बायकोच्या, म्हणजे वर्षाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नवागामला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, तोंड दुकानापेक्षा मोठं. मग सगळे हसले. सासूबाई हसल्या! त्यांना बॉल गोल असतो एवढंच माहीत. एक धनश्री तेवढी हसली नाही. माझी पोरगी, नववीत आहे. हळूच कानात म्हणाली की पप्पा, गोलकीपरला हात लावता येतो. सगळं झाल्यावर सांगून काय उपयोग?

तेव्हापासून मी हँडबॉलभाऊ. वाटलं होतं, गावची गोष्ट गावात राहील. काल सुरतला, आमच्या लिंबायतला परत आलो, तर रिक्षावाल्यानं विचारलं की हँडबॉलभाऊ, कुठे सोडू? मी त्या माणसाला ओळखत नाही.

योगराज, तुला सोडणार नाही.

४ नोव्हेंबर. मंगळवार.

प्लॅन तयार. गोपालच्या चहाच्या टपरीवर दर रविवारी संध्याकाळी मॅच लागते. योगराज नवागामहून खास येतो आणि पाय पसरून ज्ञान वाटतो. तिथंच, चारचौघांत, फुटबॉलवरूनच त्याला आडवा करायचा.

फुटबॉल शिकायला किती दिवस लागतील, असं धनश्रीला सहज विचारलं. म्हणाली, पप्पा, मी चार वर्षं खेळतेय, अजून शिकतेय. शाळेच्या टीममध्ये आहे ती. काय खेळते ते विचारायचं राहिलं.

चार वर्षं माझ्याकडे नाहीत. शॉर्टकट हवा.

८ नोव्हेंबर. शनिवार. संध्याकाळी ६.

शॉर्टकट सापडला!

मॅचच्या आधी आणि नंतर टीव्हीवर चार जण कोट घालून बसतात आणि भांडतात. आजपर्यंत मी तेवढ्या वेळात भाजी आणायला जायचो. आज बसून ऐकलं. समजलं काहीच नाही, पण एक गोष्ट दिसली. चौघांपैकी टक्कल असलेल्याचं सगळे ऐकतात. का? तो खुर्चीत मागे रेलून बसतो. बाकीचे तिघं पुढे झुकून घसा फोडतात. टकलूसाहेब आधी दोन सेकंद गप्प बसतात, मग "बघा" म्हणतात, मग एक आकडा सांगतात. आकड्यावर कोणी काही बोलत नाही.

म्हणजे मॅच बघायची गरजच नाही. या माणसाला बघायचं.

वर्षा म्हणाली, मॅच चालू झाली की आवाज बंद करता आणि संपली की वाढवता, बरे आहात ना?

९ नोव्हेंबर. रविवार. रात्री जेवणानंतर.

पहिला प्रयोग. टपरीवर योगराज काहीतरी डिफेन्सबद्दल बोलत होता. मी मागे रेललो. गोपालच्या बाकाला पाठ नाही. पडलो.

हँडबॉलभाऊनं डाईव्ह मारली, असं योगराज म्हणाला. लिहून ठेवतोय. सगळ्याचा हिशेब होणार.

पुढच्या रविवारपासून पाठीची खुर्ची घरून न्यायची.

१४ नोव्हेंबर. शुक्रवार.

टकलूसाहेबांकडून या आठवड्यात शिकलेलं: समोरच्याला पाडायचं असेल तर आधी त्याचं कौतुक करायचं. "मला यांच्याबद्दल फार आदर आहे, पण." त्या "पण"मध्ये सगळा खेळ आहे. दुसरं, ते मधूनच म्हणतात, मी खेळायचो तेव्हा. की समोरचा गप्प! मीही खेळलोय. शाळेत. लेझीम. पण कोणता खेळ ते सांगायलाच पाहिजे असं कुठाय?

आणखी एक मोठं काम झालं. धनश्रीला संशय येऊ न देता तिच्याकडून माहिती काढली. विचारलं, गोलकीपरनं हात लावला तर फाऊल कधीच नसतो का गं? अगदी कधीच? तिनं वही मिटली आणि म्हणाली, असतो की. एका वेळी असतो. आपल्याच टीमच्या पोरीनं मुद्दाम पायानं बॉल मागे दिला आणि गोलकीपरनं तो हातानं उचलला, तर फाऊल. बॅकपास म्हणतात.

मी उडालोच. म्हणजे मी बरोबर होतो! भाऊबीजेला त्या टीव्हीवर बॅकपास होता की नव्हता, कोणी बघितलंय? संध्याकाळी तिनं शाळेतल्या सरांच्या पुस्तकातून सगळा नियम कागदावर उतरवून आणला. नियम क्रमांक बारा. अक्षर छान आहे पोरीचं. कागद घडी करून खिशात ठेवलाय.

आता फक्त एक बॅकपास हवा. योगराजच्या डोळ्यांदेखत. मी "फाऊल" म्हणणार, तो हसणार, आणि मी कागद काढणार. बस.

१६ नोव्हेंबर. रविवार.

खुर्ची नेली. लग्नातला कोटही घातला. नोव्हेंबर असला तरी सुरत आहे, घामानं कोट आतून भिजला. पण फरक पडला! योगराजला म्हणालो, तुझ्याबद्दल मला फार आदर आहे, पण. तो गोंधळलाच. वीस वर्षांत मी त्याला असं काही बोललेलो नाही. वर्षाताई बऱ्या आहेत ना, असं त्यानं विचारलं.

मग बघा म्हणून दोन सेकंद थांबलो आणि म्हणालो, त्रेसष्ट टक्के. कशाचे ते कोणी विचारलं नाही. गोपालनं तर मान डोलावली.

कोण जिंकणार म्हणून विचारलं तेव्हा म्हणालो, कोणीही जिंकू शकतं, पण ड्रॉ नाकारता येत नाही. ड्रॉच झाला! गोपाल चहा फुकट देत होता. मी घेतला नाही. एक्सपर्ट माणसानं विकलं जाऊ नये. नंतर घेतला.

बॅकपास झाला नाही. दीड तास कागद मुठीत धरून बसलो होतो. लक्षात ठेवणे: मुठीत घाम येतो, शाई फुटते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणे.

२३ नोव्हेंबर. रविवार. रात्री ९.

आजचा दिवस सोन्याचा.

टीव्हीवर टकलूसाहेब तीनदा म्हणाले, टिकी-टाका. मी ताठच झालो. गेले दोन आठवडे यांचं बोलणं डोक्यावरून जात होतं आणि आज सरळ आमच्या धंद्यातलं बोलायला लागले! टाका म्हणजे टाका. टिकी म्हणजे साडीवर लावतात ती चमकणारी टिकी. अख्ख्या सुरतला हे कोणी शिकवायला नको.

टपरीवर योगराज म्हणाला, ही स्पेनवाल्यांची छोट्या छोट्या पासची स्टाईल आहे. मी रेललो. दोन सेकंद. म्हणालो, योगराजबद्दल मला आदर आहे, पण शब्द कुठून आला ते त्याला माहीत नाही. जुन्या काळी आपल्या बंदरातून टिकीचे टाके जहाजानं स्पेनला जायचे. टिकी कशी लावतात? जवळ जवळ. एक इथं, एक तिथं, मध्ये जागा सोडायची नाही. तिथल्या कोचनं ते कापड बघितलं आणि पोरांना म्हणाला, पास असे द्या.

हे सगळं माझ्या तोंडून आपोआप आलं. पहिल्या वाक्याला मलाही खात्री नव्हती. शेवटच्या वाक्यापर्यंत झाली.

योगराज हसला. पण एकटाच! बाकावर तीन एम्ब्रॉयडरीवाले बसले होते. त्यातला एक काठियावाडी मांडीवर थाप मारून म्हणाला, वात साची छे, म्हणजे गोष्ट खरी आहे. गोपाल म्हणाला, आमचे काका टिकीकामात होते, ते स्पेनबिन कायतरी बोलायचे. योगराज मोबाईलवर शोधायला लागला, तर गोपालनं त्यालाच सुनावलं की मोबाईलवर काय सगळं खरं असतं का.

योगराजचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी दोन वेळा बघितलं.

२५ नोव्हेंबर. मंगळवार.

खात्यात मास्तरनं, म्हणजे आमच्या लूमवरच्या साहेबांनी, टिकी-टाकाबद्दल विचारलं. त्यांना जहाजाचं नावही सांगितलं.

धनश्री जेवताना काहीतरी बोलत होती, शाळांच्या मॅचेस सुरू झाल्यात आणि आज पेनल्टी अडवली वगैरे. म्हणजे ती गोलकीपर आहे! घरात गोलकीपर असून मला कोणी सांगत नाही. वर्षा म्हणाली, दोन वर्षं झाली सांगून. खेळस पोरगी नि घाम येस तुमले. रागावली की ती अहिराणीवर येते.

रविवारी येणार का मॅचला, असं धनश्रीनं विचारलं. रविवारी तयारी असते. बघू म्हणालो.

३० नोव्हेंबर. रविवार.

कबुलीची युक्ती करून बघितली. टकलूसाहेब कधी कधी म्हणतात, मागच्या आठवड्यात माझं चुकलं. मग लोकांचा विश्वास दुप्पट होतो. मीही म्हणालो, मागच्या रविवारी माझं थोडं चुकलं. तर योगराज म्हणाला, फक्त मागच्या? आणि बोटं मोजायला लागला. ही युक्ती लिंबायतसाठी नाही. बंद.

बॅकपास झाला नाही. साले मागे पास देतात पण गोलकीपर पायानंच मारतो. एकालाही हात लावायची बुद्धी होत नाही.

७ डिसेंबर. रविवार.

मोठी बातमी. समाजाच्या मंडळातर्फे शाळांच्या मुलींची फुटबॉल फायनल होणार, २१ तारखेला, सकाळी, शाळेच्या ग्राउंडवर. मंडळाचा माईक आणि भोंगे गोपालकडे असतात. दरवर्षी माईकवर योगराज. हळदीकुंकू असो, हौजी असो, तोच. यंदा गोपाल सगळ्यांसमोर म्हणाला, कॉमेंट्री निंबाभाऊ करणार. एक्सपर्ट माणूस आहे.

निंबाभाऊ! हँडबॉलभाऊ नाही!

योगराज म्हणाला, चालेल, मी गोलच्या मागे उभा राहून ऐकतो. उभा राहा. सगळं ऐक.

घरी येऊन सांगितलं तर धनश्री नाचायलाच लागली. तिची शाळा फायनलला आहे म्हणे. जिंकली तर जिल्ह्याला खेळायला जाणार. मला म्हणाली, पप्पा, तुम्ही पहिल्यांदा माझी मॅच बघणार. मी म्हणालो, बघणार काय, सांगणार! अख्ख्या लिंबायतला सांगणार!

२० डिसेंबर. शनिवार. संध्याकाळी.

उद्या. कोट इस्त्री झाला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत. आकडे लिहून ठेवलेत: त्रेसष्ट, एकाहत्तर, आठपैकी पाच. धनश्री ग्लोव्हज घालून भिंतीवर बॉल मारत बसली आहे. तिला म्हणालो, घाबरू नको, माईकवर मी आहे.

२१ डिसेंबर. रविवार. दुपारी १२.

जिंकलो.

म्हणजे धनश्रीची शाळा हरली. मी जिंकलो. शांतपणे, क्रमानं लिहितो.

पहिल्यापासून आवाज छान लागला होता. लोक माझ्याकडेच बघत होते. खुर्ची, कोट, त्रेसष्ट टक्के. शेवटची दोन मिनिटं राहिली तरी शून्य-शून्य. पेनल्टीवर जाणार होतं. पेनल्टीला धनश्री पक्की आहे असं सगळं ग्राउंड म्हणत होतं. मीसुद्धा माईकवर म्हणालो, ही माझी मुलगी आहे, आठपैकी पाच.

तेवढ्यात तिच्याच टीमची पल्लवी घाबरली. दोन पोरी तिच्या अंगावर धावत आल्या आणि तिनं बॉल पायानं मागे दिला. धनश्रीकडे. धनश्रीनं बघितलं, त्या दोघी पोचल्याच होत्या. तिनं वाकून हातानं उचलला आणि छातीशी धरला.

रेफ्री सर दुसरीकडे वळून एका पोरीला काहीतरी सांगत होते. त्यांनी बघितलं नाही. समोरच्या पोरींना नियमच माहीत नव्हता. कोणी काही बोललं नाही. खेळ पुढे चालला होता.

आणि गोलच्या मागे योगराज उभा होता.

पाच आठवडे मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. टाक्यात दोष दिसला की माझा हात आपोआप खडूकडे जातो. तसं तोंड माईककडे गेलं. म्हणालो, थांबा! थांबवा मॅच! बॅकपास! गोलकीपरनं हात लावला, फाऊल! नियम क्रमांक बारा! आणि पिशवीतून कागद काढून सगळा नियम वाचला. भोंग्यावर. शेवटी म्हणालो, योगराज, ऐकतोयस ना रे? गोलकीपरनं हात लावला तरी फाऊल असतो!

ग्राउंड गप्प. दोन सेकंदांपेक्षा जास्त. रेफ्री सरांनी पोरींना विचारलं. समोरच्या पोरींनी अर्थातच हो म्हटलं. आमच्या पोरी खाली बघत राहिल्या. धनश्रीला विचारलं. तिनं मान हलवली, हो. शिट्टी वाजली. अगदी गोलसमोरून फ्री किक, गर्दीत पास, गोल. एक-शून्य.

माझा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. टकलूसाहेब असते तरी हेच म्हणाले असते.

२१ डिसेंबर. रविवार. संध्याकाळी ६.

वर्षानं ताट वाढून समोर ठेवलं आणि आत गेली. धनश्री जेवली नाही. टपरीवर गेलो नाही. सध्या सत्कार वगैरे नको.

२२ डिसेंबर. सोमवार.

खात्यात कोणी टिकी-टाकाबद्दल विचारलं नाही. मास्तर एवढंच म्हणाले, काय पाटील, घरचा टाका पण सेकंड मालात काढला? मग सगळे हसले. हे लोक दोष असलेला माल फ्रेश म्हणून पाठवणारे. यांना नियम काय कळणार?

टपरीवर गोपालनं चहा दिला आणि माझी खुर्ची परत दिली. म्हणाला, जागा अडते.

एका गोष्टीचं मात्र नवल वाटतं. जहाज सांगितलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. सहा आठवड्यांत मी पूर्ण खरं बोललो ते हे एकच. नेमकं त्यावरच सगळे फिरले.

२५ डिसेंबर. गुरुवार.

धनश्रीचे ग्लोव्हज चार दिवस दोरीवर आहेत. वाळलेत कधीचे. काढून आत ठेव म्हणालो. म्हणाली, राहू द्या. माझ्याशी एवढंच बोलली. राग आहे म्हणावं तर चहा देते, चप्पल जागेवर ठेवते. रागवायला काय हरकत आहे? दोन शब्द बोलली असती तर मी उत्तरं तयार ठेवलीत.

२८ डिसेंबर. छापलाय बुधवार. राहू दे.

योगराज आला होता. मी म्हणालो, बोल, झाली ना खात्री? वाटलं, नेहमीसारखा दात काढेल. बसलासुद्धा नाही. दारातच उभा राहून म्हणाला, मला दिसलं होतं भाऊ. मी गोलच्या मागेच होतो. बॅकपास होता, मला नियम माहीत आहे. मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं. म्हणाला, आपली पोर होती ना.

भाऊ म्हणाला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच नुसतं भाऊ. हँडबॉल नाही, काही नाही. हेच तर मला पाहिजे होतं.

तो धनश्रीसाठी मोबाईलचं नवीन कव्हर घेऊन आला होता. ती त्याच्याशी बोलली, मावसा, चहा घ्या म्हणाली. एकदा हसलीसुद्धा.

तो गेल्यावर मी रेललो नाही. थांबलोही नाही. सरळ विचारलं की नियम चूक होता का? तूच दिला होतास ना कागद लिहून?

म्हणाली, हो पप्पा. दिवाळीला सगळे तुम्हाला हसले होते ना, म्हणून शोधून आणला होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

मग तिनं दोरीवरचे ग्लोव्हज काढले आणि पल्लवीला द्यायला गेली. पुढच्या वर्षी पल्लवी उभी राहणार आहे म्हणे, गोलमध्ये.